आईच्या कटरला मोटर लावताना

मी सुरतच्या लिंबायतमध्ये वाढले. वडील अमळनेर तालुक्यातले. १९९३ साली भुसावळकडून येणाऱ्या पॅसेंजरने उधन्याला उतरले आणि लूम्सच्या खात्यात लागले. दुसऱ्याच वर्षी, सप्टेंबर १९९४ मध्ये, सुरतेत प्लेगची साथ आली. तेव्हा इतरांसारखे तेही गावी गेले आणि साथ ओसरल्यावर परत आले. बारा तासांची पाळी. लूम्सच्या आवाजाने त्यांना हळूहळू कमी ऐकू यायला लागलं. अजूनही घरात ते मोठ्याने बोलतात.

आई घरी धागा कटिंग करायची. लिंबायत, डिंडोली, उधना, गोडादरा या भागांत ज्यांची घरं आहेत त्यांना हे काम वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. एम्ब्रॉयडरी मशीनवर साडीवर फुलं-बुट्टे भरले जातात. सुई एका बुट्ट्यावरून दुसऱ्यावर जाते तेव्हा मागच्या बाजूने धागा लोंबत राहतो. तो धागा हाताने कापायचा. साड्यांच्या पोटल्या टेम्पोने गल्लीत येतात, ठेकेदार घरोघर वाटतो आणि दुसऱ्या दिवशी गोळा करतो. मजुरी नगावर. माझ्या लहानपणी साध्या कामाच्या साडीला दोन-तीन रुपये मिळायचे. कटर साडीला लागला आणि भोक पडलं, की साडीची पूर्ण किंमत मजुरीतून कापली जायची. अशा एका साडीत आईची आठवडाभराची कमाई जायची.

आता मी हेच काम करणारं एक लहान मशीन बनवते. उधन्याला भाड्याचा गाळा आहे. ओळखीपाळखीची मुलं-मुली विचारतात की हे जमलं कसं, कुठे अडलं. प्रत्येकाला तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं. म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

माझी शाळा महापालिकेची, मराठी माध्यमाची. सुरत महापालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमातही आहेत. इतक्या भाषांत शिकवणाऱ्या महापालिका देशात थोड्याच असतील. राज्यघटनेचं कलम ३५०-क सांगतं की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी. आणि अल्पसंख्य कोण हे राज्य धरून ठरवायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केलं. नवापूर स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आहे आणि अर्धा गुजरातमध्ये. तिथून गाडी पुढे सरकली की आपण खान्देशी लोक कायद्याने भाषिक अल्पसंख्य होतो. मला हे कळायला कॉलेज उजाडलं. शाळेत असताना एवढंच माहीत होतं की आमच्या बाई चांगल्या शिकवतात. त्या खरंच चांगल्या शिकवायच्या. मराठी शाळेत घातल्याबद्दल मी आईवडिलांना कधी बोल लावला नाही आणि आजही लावणार नाही.

अडचण दहावीनंतर आली. २०१४ मध्ये मी दहावी झाले आणि मेकॅनिकल डिप्लोमाला प्रवेश मिळाला. गुजरातमध्ये डिप्लोमाचे प्रवेश दहावीच्या गुणांवर, राज्याच्या एकाच समितीमार्फत होतात, त्यामुळे वशिल्याचा प्रश्न नव्हता. पण वर्गात शिकवणं गुजरातीत आणि पुस्तकं इंग्रजीत. जीटीयूच्या, म्हणजे गुजरात टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीच्या, डिप्लोमाच्या प्रश्नपत्रिकेत प्रश्न इंग्रजीत असतो आणि खाली तोच गुजरातीत असतो. गुजराती मला बोलता यायची, वाचताही यायची. बाजारातली गुजराती वेगळी आणि भौतिकशास्त्रातली वेगळी. शाळेत त्वरण शिकले होते, इथे ते प्रवेग झालं. संवेगाचं वेगमान झालं. येत असलेला प्रश्न मी कोरा सोडून यायचे. पहिल्या सेमिस्टरला दोन विषयांत बॅकलॉग लागला. घरी सांगितलं नाही. वडिलांनी फी भरायला उचल घेतली होती.

वर्गात ओडिया माध्यमातून आलेला एक मुलगा होता. त्याचे वडीलही लूम्सवर. त्याची तीच गत होती. आम्ही दोघांनी मिळून एक वही केली. एका रकान्यात इंग्रजी शब्द, पुढे गुजराती, मग माझा मराठी आणि त्याचा ओडिया. रोज प्रयोगशाळेत जो नवा शब्द कानावर पडेल तो लिहायचा. वर्कशॉपचे एक सर ती वही तपासून द्यायचे. दुसऱ्या सेमिस्टरपासून पेपर समजायला लागले. मागचे दोन्ही विषयही सुटले. बुद्धी होती तेवढीच होती, शब्द मिळाले एवढाच फरक. माझ्याबरोबर मराठी शाळेतून आलेल्या तिघींपैकी दोघींनी याच पहिल्या वर्षात कॉलेज सोडलं. त्यातली एक आज माझ्या गाळ्यात फिटिंग करते आणि अनेक डिप्लोमावाल्यांपेक्षा तिचा हात चांगला आहे. ती पहिल्याच वर्षी गळाली याचं मला अजून वाईट वाटतं.

दाखल्याचंही सांगून टाकते, कारण यात लोक फार पैसे घालवतात. आमचा ओबीसीचा दाखला महाराष्ट्रातला. प्रवेशाच्या वेळी खिडकीवर तो दिला तर उत्तर आलं, "आ नहि चाले, बेन." वडील पुन्हा गावी गेले, तहसीलमधून नवी प्रत आणली. तीही चालली नाही. मग एका वकिलांनी समजावलं. अनुसूचित जाती-जमातीचा माणूस दुसऱ्या राज्यात गेला तर त्या राज्याच्या सवलती त्याला आपोआप मिळत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९० सालीच सांगितलं आहे. ओबीसींनाही तोच हिशेब लावतात. आपल्या कित्येक कुटुंबांची इथे दुसरी-तिसरी पिढी चालू आहे आणि तरी मुलं इथे खुल्या गटात मोजली जातात. मला हे अन्यायाचं वाटतं. पण नियम माहीत नसताना एजंटाला हजारो रुपये देऊन दाखला 'करून घेणं' हा त्यावरचा उपाय नाही. जात न बघता मिळणाऱ्या गोष्टी आधी शोधाव्यात. मला डिग्रीला उपयोगी पडली ती गुजरात सरकारची मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांच्या आत आणि डिप्लोमाला ६५ टक्क्यांच्या वर गुण, या अटींवर डिप्लोमातून डिग्रीला जाणाऱ्यांना ती मिळते. माझी निम्मी ट्यूशन फी तिच्यातून निघाली.

मशीनचा विचार डिग्रीच्या दुसऱ्या वर्षी सुरू झाला. आम्हाला डिझाइन इंजिनिअरिंग नावाचा विषय होता. त्यात एखादा काम करणारा माणूस निवडायचा, त्याच्याजवळ बसायचं, त्याला काय त्रास होतो ते मोठ्या तक्त्यावर लिहायचं. बाकीची मुलं हॉस्पिटल, पार्किंग असे विषय घेत होती. मी आईजवळ बसले. वीस वर्षं जे काम रोज बघत होते ते पहिल्यांदा नीट बघितलं.

आई साडी उलटी करून गुडघ्यावर ताणायची. डाव्या हाताच्या बोटाने कापड खालून वर उचलायचं, म्हणजे लोंबता धागा जरा सुटा होतो. मग उजव्या हातातला स्प्रिंगचा कटर त्याखाली घालून दाबायचा. हे एका साडीत शेकडो वेळा. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी गाठ आली होती. रात्री ती अंगठा कोमट पाण्यात धरून बसायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "सगळ्यांचाच दुखतो." शेजारच्या काकूंना विचारलं, त्यांचंही तेच उत्तर.

आधी मी वडिलांचा दाढीचा ट्रिमर घेतला. सुती कापडावर धागे छान कापले गेले. पण सुरतेचा माल जॉर्जेट आणि शिफॉनचा. हे पातळ पॉलिएस्टर पात्यात लगेच ओढलं जातं. चिंध्यांवर करून बघितलं तर प्रत्येक चिंधीला भोक. आई म्हणाली, "धागा कापशील तर काप, साडी कापू नको." पुढचं सगळं काम याच एका वाक्यावर झालं.

उपाय दोन ठिकाणी सापडला. एक, साडी गुडघ्याऐवजी गुळगुळीत गोल दांड्यावरून ताणून न्यायची. कापड ताठ राहतं आणि वाकताना फक्त सुटा धागा वर उठतो. दुसरं, पात्याच्या पुढे एक पातळ जीभ लावायची. ती आधी धाग्याखाली शिरते आणि कापडाला खाली दाबून धरते. ही जीभ कशाची करायची यात फार वेळ गेला. पत्रा जाड पडायचा, प्लास्टिक वाकायचं. शेवटी वर्कशॉपमधल्या, फट मोजायच्या फीलर गेजची पाती चालली. ०.२ मिलिमीटर जाडी आणि पोलाद असल्याने वाकूनही सरळ होते. तिची कड आणि टोक तेलाच्या दगडावर घासून गोल केलं. त्या दिवशी जॉर्जेटची पूर्ण साडी एकही भोक न पडता निघाली. आईने ती उजेडासमोर धरून पदरापासून शेवटपर्यंत तपासली.

मग बारीकसारीक दुरुस्त्या. मोटर १२ व्होल्टची घेतली, कारण घरात लहान मुलं असतात. शिलाई मशीनसारखा पायाचा स्विच लावला, दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून. कापलेले धागे उडून स्वयंपाकात जायचे, म्हणून लहान पंखा आणि जाळीची पिशवी बसवली. यातल्या निम्म्या सुधारणा गल्लीतल्या बायकांनी सांगितल्या. त्यांच्याशी मी मराठीत, खरं तर अहिराणीत बोलत होते, म्हणून त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. दुसऱ्या कुणाला त्या "चांगलं आहे, बेन" म्हणून मोकळ्या झाल्या असत्या.

पैसे आले ते राज्याच्या विद्यार्थी स्टार्टअप धोरणातून. गुजरातने २०१७ मध्ये हे धोरण आणलं. त्यात कॉलेजमार्फत एका नमुन्याला २ लाखांपर्यंत मदत मिळत असे. डिप्लोमाच्या मुलांनाही ते खुलं होतं, पण डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात मला ते कुणी सांगितलं नव्हतं. नोटीस लागली होती की नाही, देवाला ठाऊक. डिग्रीच्या एका मॅडमनी मला हाताला धरून फॉर्म भरायला लावला. मुलाखत इंग्रजीत होती. मी मशीन टेबलावर ठेवून साडी कापून दाखवली आणि तोडकंमोडकं बोलले. ८५ हजार मंजूर झाले.

याच मॅडमनी मला एका मोठ्या नुकसानीतून वाचवलं. रिंग रोडच्या बाजूला कापड यंत्रांचं एक प्रदर्शन होतं आणि मी तिथे मशीन मांडणार होते. त्या म्हणाल्या, आधी पेटंटचा अर्ज, मग प्रदर्शन. वस्तू एकदा सगळ्यांसमोर मांडली की ती नवी राहत नाही आणि पेटंट हातचं जाऊ शकतं. घाईत असाल तर तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज करता येतो. व्यक्तीने ऑनलाइन केला तर सरकारी फी १,६०० रुपये. त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण तपशील द्यावा लागतो. गुजरातचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. अर्जदार बाई असेल तर २०१९ पासून लवकर तपासणी मागता येते. मी ती मागितली. तपासणीत हरकत आली की धागे छाटायची यंत्रं आधीपासून आहेत. ते खरंच होतं. मग दावा लहान केला, फक्त दांडा आणि जीभ यांच्या जोडणीपुरता. तेवढ्यावर २०२१ मध्ये पेटंट मिळालं.

मध्ये लॉकडाउन गेला. काम बंद, पोटली बंद, निम्मी गल्ली गावी. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही, सगळ्यांचं तेच झालं.

२०२२ मध्ये धंदा उभा करायचं ठरवलं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे पीएमईजीपीत, अर्ज केला. इथे पुन्हा दाखल्याची भीती होती. जिल्हा उद्योग केंद्रातल्या एका साहेबांनी सांगितलं, "बेन, जातीच्या रकान्यावर अडू नका. महिला म्हणूनच तुम्ही विशेष गटात येता." ते अगदी बरोबर निघालं. विशेष गटाला स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात आणि शहरात २५ टक्के अनुदान मिळतं. खुल्या गटातल्या पुरुषाला १० टक्के घालून १५ टक्के मिळतं. माझा प्रकल्प ८ लाखांचा. घरचे ४० हजार घातले. अनुदानाचे २ लाख बँकेत तीन वर्षं अडकून राहतात, ते लगेच हातात येत नाहीत, हे ध्यानात ठेवावं.

पहिल्या बँकेच्या शाखेने घराचे कागद मागितले. आमचं घर नोटरीवर घेतलेलं. लिंबायतमध्ये अशी घरं किती आहेत हे सांगायला नको. १० लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम तेव्हाही होता. मी तो छापून नेला. साहेबांनी वाचला आणि फाइल तशीच ठेवली. कित्येक आठवडे गेले. मग उद्योग केंद्रातून अर्ज दुसऱ्या बँकेकडे वळवून घेतला. तिथे कर्ज हमी योजनेखाली मंजूर झाला. शाखा अडवत असेल तर तिथे हेलपाटे घालत बसू नका, अर्ज दुसरीकडे वळवून मागा. लहान उद्योगांच्या उद्यम नोंदणीबद्दलही सांगते. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन क्रमांक पुरतात. आमच्या गल्लीत एकाने त्याचे दीड हजार घेतले आहेत.

सर्वांत अवघड प्रसंग मात्र घराच्या ओट्यावर आला. पहिली मशीन शेजारणींना द्यायला गेले तर बहुतेकींनी घेतली नाहीत. एक काकू म्हणाल्या, "काम लवकर झालं की शेठ भाव पाडेल. मग तुझं मशीन आमच्या काय कामाचं?" मला उत्तर सुचलं नाही. आणि तसंच झालं. ज्या ठेकेदाराचं काम करणाऱ्या चार बायकांनी मशीन घेतलं, त्याने महिन्याभरात साडीमागे रुपया कमी केला. मला रात्रभर झोप लागली नाही. आईचा अंगठा वाचवायला केलेल्या वस्तूने शेजारणींची मजुरी कमी झाली होती.

मार्ग बायकांनीच काढला. आठ जणींनी मिळून गट केला, उद्यम नोंदणी स्वतःच्या नावावर केली आणि ठेकेदाराला वगळून रिंग रोडच्या कापड व्यापाऱ्याकडून थेट माल घेतला. जॉबवर्कची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने जीएसटी नोंदणीची गरज पडली नाही. टेम्पोचं भाडं वाटून घेतात. ठेकेदार मध्ये जे ठेवत होता ते आता त्यांच्याकडे राहतं. तेव्हापासून मी मशीन एकेका बाईला विकत नाही, गटाला विकते. ठेकेदारांनी घाऊक मागणी केली तरी देत नाही. यात माझा धंदा हळू वाढतो, पण मला हेच योग्य वाटतं.

दलित उद्योजकांसाठी मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात डिक्की ही संघटना उभी केली. कुठे जायचं, कुणाला भेटायचं हे सांगणारं एक घर त्यांनी लोकांना दिलं. सुरतेतल्या आपल्या मराठी कारागिरांच्या मुलांसाठी असं घर मला शोधूनही सापडलं नाही. लूम्सवर आपण, एम्ब्रॉयडरीवर आपण, मशीन बिघडलं तर दुरुस्तीला आपणच. मशीन बनवणारे आणि त्यावर नाव असणारे मात्र आपल्यात फार थोडे. योजना आहेत, कॉलेजं आहेत. आपली मुलं गळतात ती दहावी आणि पहिल्या सेमिस्टरच्या मध्ये.

म्हणून आपल्या मराठी मंडळांना आणि गणेशोत्सव मंडळांना माझी एक विनंती आहे. दहावीचा निकाल लागला की कॉलेज सुरू होईपर्यंतचे काही आठवडे मुलं मोकळी असतात. तेवढ्या दिवसांसाठी मंडळाचा हॉल सकाळी दोन तास द्या. गणित-विज्ञान शिकवलेले निवृत्त मराठी शिक्षक आपल्या वस्तीतच राहतात, त्यांना बोलवा. शब्दांची ती वही मी झेरॉक्स करून ठेवली आहे, हवी त्याने न्यावी. रविवारी मी स्वतः शिकवायला येईन. ओडिया आणि तेलुगू शाळांतली मुलं आली तर त्यांनाही बसू द्या.